एमआरआयचं चुंबक रात्रीसुद्धा चालू असतं

रेखा_मिरज

नमस्कार मंडळी. मी एमआरआय टेक्निशियन आहे. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या वेस्टबरी गावात ६१ वर्षांचे एक गृहस्थ एमआरआयच्या चुंबकाकडे खेचले गेले आणि दुसऱ्या दिवशी वारले. बायकोच्या गुडघ्याचा एमआरआय होता. टेबलवरून उठायला मदत हवी म्हणून तिने त्यांना हाक मारली आणि ते आत आले. गळ्यात व्यायामासाठी घातलेली जाड साखळी होती, सुमारे ९ किलोची. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी ‘अमेरिकेत काय काय घडतं बघा’ अशी फिरली. ते वाचून राहवलं नाही, म्हणून हा धागा काढतेय.

हे आपल्याकडे आधीच घडून गेलंय. जानेवारी २०१८, मुंबईचं नायर रुग्णालय. ३२ वर्षांचा एक तरुण नातेवाईक महिलेला एमआरआयसाठी घेऊन आला होता. तिचा ऑक्सिजनचा सिलेंडर त्याच्या हातात होता. मशीन बंद आहे, जा आत, असं त्याला सांगितलं गेलं, असं घरच्यांनी तेव्हा सांगितलं होतं. सिलेंडरसकट तो मशीनवर ओढला गेला आणि जीव गेला. डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. त्याच्याही आधी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात सिलेंडर आत गेला, आणि एक वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ सिलेंडर आणि मशीन यांच्या मधे अडकले. चार तास.

‘मशीन बंद आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचीच भीती वाटायला लागली आहे. स्कॅन सुरू असताना जो ठकठक, घरघर आवाज येतो तो थांबला की लोकांना वाटतं मशीन बंद झालं. तो आवाज ग्रेडियंट कॉइल्सचा, म्हणजे फक्त स्कॅनपुरत्या चालणाऱ्या वेगळ्या गुंडाळ्यांचा. चुंबकाचा स्वतःचा आवाजच नसतो. शेवटचा पेशंट गेला, दिवे मालवले, आम्ही कुलूप लावून घरी गेलो, तरी चुंबक दुपारी होतं तेवढंच जोरात चालू असतं. रविवारी, दिवाळीला, लाईट गेली तरीही.

या धाग्यावर शंका विचारा. ज्यांना या क्षेत्राची माहिती आहे त्यांनी भर घाला.

अण्णा_डोंबिवली

ताई, चांगला विषय. एक साधा प्रश्न. काम झालं की बंद का करत नाहीत? वीजही वाचेल आणि धोकाही टळेल. आपण पंखासुद्धा खोलीतून बाहेर पडताना बंद करतो.

गिरीश_सर्व्हिस

अण्णा, मी ही मशीन बसवणं आणि दुरुस्त करणं या कामात आहे, म्हणून उत्तर देतो.

बहुतेक १.५ आणि ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीनमध्ये नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची मैलोन्‌मैल गुंडाळी असते, द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली. तिथलं तापमान उणे २६९ अंश सेल्सियस. एवढ्या थंडीत त्या तारेला विजेचा विरोध उरतच नाही. मशीन बसवताना आम्ही एकदा बाहेरून करंट चढवतो, काहीशे अँपिअर, मग गुंडाळीची दोन टोकं आतल्या आत जोडतो आणि बाहेरचा सप्लाय काढून घेतो. तो करंट वर्षानुवर्षं फिरत राहतो. त्यामुळे चुंबकाला चालू-बंदचं बटणच नसतं. वीज लागते ती हेलियम थंड ठेवणाऱ्या कोल्ड हेडला, चिलरला, आणि स्कॅन करणाऱ्या बाकी यंत्रणेला.

म्हणून लाईट गेली की चुंबक जात नाही. उलट कोल्ड हेड थांबतं आणि हेलियम हळूहळू उकळून कमी व्हायला लागतं. जिथे भारनियमन असतं तिथे चिलर जनरेटरवर घ्या म्हणून आम्ही मागे लागतो ते यासाठी.

भिंतीवर दोन बटणं असतात, त्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एक विजेचं इमर्जन्सी बटण. ते दाबलं की वीज जाते, चुंबक तसंच राहतं. दुसरं क्वेंचचं, त्यावर झाकण असतं. ते दाबलं की गुंडाळीचा थोडा भाग मुद्दाम गरम केला जातो, विरोध परत येतो, उष्णता वाढत जाते आणि हेलियम उकळून छतावरच्या पाइपातून बाहेर जातो. एक-दोन मिनिटांत चुंबकत्व उतरतं. माणूस अडकला असेल आणि जिवाला धोका असेल तर हेच बटण, एक क्षणही विचार न करता. पण खिशातला मोबाईल चिकटला म्हणून कोणी हे दाबत नाही. नंतर हेलियम भरणं, करंट पुन्हा चढवणं यात दिवस जातात आणि खर्च लाखांत.

अण्णा_डोंबिवली

धन्यवाद गिरीश. मग आग लागली तर? अग्निशमन दलाचे लोक तर लोखंडी कुऱ्हाडी घेऊन येतात.

गिरीश_सर्व्हिस

नेमका मुद्दा. कुऱ्हाड, हेल्मेट, पाठीवरचा हवेचा सिलेंडर, पाण्याच्या पाइपाचं नोझल, सगळं ओढलं जाऊ शकतं. वीज तोडली म्हणजे काम झालं असं समजून जवान आत शिरले तर अपघातावर अपघात. त्यांना दारातच थांबवून सांगावं लागतं, आणि ते सांगणारा माणूस रात्री तीन वाजता तिथे असतोच असं नाही. ज्या दवाखान्यांनी स्थानिक अग्निशमन केंद्राला बोलावून मशीन दाखवून ठेवलंय त्यांचं मला खरंच कौतुक वाटतं.

पराग_नागपूर

ताकद किती असते ते जरा समजेल असं सांगाल का? टेस्ला म्हणजे किती, हे आमच्या डोक्यात बसत नाही.

गिरीश_सर्व्हिस

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, ज्यावर होकायंत्राची सुई फिरते, ते महाराष्ट्रात साधारण ०.००००४२ टेस्ला. म्हणजे १.५ टेस्लाचं मशीन त्याच्या ३५ हजार पट, ३ टेस्लाचं ७० हजार पट. फ्रिजच्या दारावर लावतो ते चुंबक एका टेस्लाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. युरोप-अमेरिकेत आता ७ टेस्लाची मशीन रुग्णांसाठी वापरतात, आणि फ्रान्समध्ये पॅरिसजवळ साक्ले इथे ११.७ टेस्लाचं संशोधनाचं मशीन आहे. त्याचं चुंबकच १३२ टनांचं.

पण पराग, माणसं मरतात ती नुसत्या टेस्लामुळे नाही. लोखंडावर ओढ किती पडेल हे क्षेत्र किती झपाट्याने बदलतंय त्यावर ठरतं. पेशंट ज्यात सरकतो त्या मशीनच्या बोगद्याच्या अगदी मधोमध क्षेत्र सगळ्यात जास्त असतं, पण ते सगळीकडे सारखं, त्यामुळे तिथे ओढ कमी. सगळ्यात भयंकर ओढ बोगद्याच्या तोंडाशी.

आताच्या मशीनमध्ये उलट्या दिशेच्या जादा गुंडाळ्या घालून बाहेर पसरणारं क्षेत्र दाबलेलं असतं. त्यामुळे शेजारच्या खोल्या सुरक्षित झाल्या, मशीन लहान जागेत बसायला लागलं. पण त्याची किंमत अशी की क्षेत्र आता मशीनजवळ एकदम चढतं. दारापाशी हातातल्या सिलेंडरला काहीच जाणवत नाही. दोन पावलं पुढे गेलं तरी काही नाही. नदीत गुडघाभर पाणी आहे म्हणून पुढे जावं आणि एकदम डोह लागावा, तसं होतं. हात ओढला जातोय हे कळेपर्यंत सोडायची वेळ निघून गेलेली असते.

एक ढोबळ हिशोब देतो. बोगद्याच्या तोंडाशी क्षेत्र मीटरला ५ टेस्ला या गतीने बदलतंय असं धरा. पूर्ण चुंबकित झालेल्या लोखंडावर तिथे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपट ओढ पडते. ९ किलोची साखळी म्हणजे ९०० किलोची ओढ. १५ किलोचा स्टीलचा ऑक्सिजन सिलेंडर म्हणजे दीड टन. चार माणसांनी धरून तो निघत नाही, हे आता लक्षात येईल.

रेखा_मिरज

गिरीश, हे फार छान समजावलंत. ‘मी घट्ट धरून ठेवतो हो’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना मला हाच हिशोब दाखवायचा होता.

मी डोळ्यांनी पाहिलेलं एक सांगते, एका ठिकाणी काम करत असतानाचं. एक नर्स पेशंटला सोडायला आल्या, एप्रनच्या वरच्या खिशात पट्टी कापायची कात्री. दारातून आत तीन पावलं होईपर्यंत कात्री खिशात शांत होती. मग तिचं टोक खिशातून वर आलं, एखादा क्षण तशीच उभी राहिली, मशीनकडे तोंड करून, आणि गेली. मशीनच्या बाहेरच्या प्लास्टिकवर टण्ण आवाज आला. पेशंट अजून टेबलवर चढलेला नव्हता. चढलेला असता तर त्याचं डोकं नेमकं त्या रेषेत आलं असतं. लांब वस्तू आधी क्षेत्राच्या दिशेने वळते आणि मग सुटते, ते त्या एका क्षणात दिसलं.

कोकणी_माणूस

अवांतर: हेलियमचा विषय निघाला म्हणून. हा वायू पहिल्यांदा लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाला आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावरून सापडला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण. निरीक्षणासाठी बांधलेले कट्टे अजून किल्ल्यावर आहेत.

शुभांगी_न्यूजर्सी

कोकणी_माणूस, ग्रहण तेच आणि तारीखही तीच. पण लॉकियर तेव्हा विजयदुर्गावर नव्हता, सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखला गेला, ती त्याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून पाहिली. हेलियमच्या शोधात ज्याचं नाव घेतात तो दुसरा, फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, ग्रहणाच्या दिवशी गुंटूरला होता. त्या ग्रहणात आपल्या देशात ठिकठिकाणी निरीक्षक बसले होते. विजयदुर्गाचा मान त्याने कमी होत नाही.

आता मूळ विषय. चुंबकाच्या ओढीइतकंच भाजण्याबद्दलही लिहा कोणीतरी. इथे माझ्या बहिणीला एमआरआयच्या आधी दंडावरचा औषधाचा पॅच काढायला लावला. काही पॅचच्या पाठीमागे ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो तापतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, मास्कबद्दलही सूचना काढली होती. नाकावर बसणाऱ्या धातूच्या पट्टीमुळे चेहरा भाजल्याची तक्रार आली होती.

रेखा_मिरज

बरोबर आहे. चुंबकाशिवाय मशीनमध्ये रेडिओलहरीही असतात. १.५ टेस्लाला साधारण ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लाला १२८. त्या लहरींनी शरीर किंचित तापतं, आणि विजेला वाहून नेणारी वस्तू अंगावर असेल तर ती जास्त. ईसीजीच्या वायरीचा वेटोळा पडला तर त्याखालची कातडी भाजते. हाताची बोटं एकमेकांत गुंफून पोटावर ठेवली, किंवा उघड्या मांड्या एकमेकींना टेकल्या, तर शरीराचाच वेटोळा होतो आणि टेकलेल्या जागी भाजू शकतं. आम्ही मधे कापड किंवा उशी ठेवतो ती त्यासाठी. ‘काय टेकवताय’ म्हणून पेशंट चिडतात.

आपल्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते. पदराला आणि निऱ्यांना लावलेल्या सेफ्टी पिना या स्टीलच्या. अंबाड्यातले आकडे लोखंडी. ब्लाउजचे हूक. जरीच्या साडीत धातूची तार असू शकते, म्हणून आम्ही सुती गाऊन देतो. काचेच्या बांगड्यांचा त्रास नाही.

मंगळसूत्राचा प्रश्न रोज येतो. सोनं चुंबकाला ओढलं जात नाही हे खरं आहे. पण सर म्हणजे धातूचा वेटोळाच, फाशाच्या आत स्प्रिंग कशाची आहे ते माहीत नसतं, आणि मानेच्या किंवा छातीच्या फोटोत तिथे काळा डाग पडतो. ज्या बाईला गळा मोकळा ठेवायचा नसतो तिच्यासाठी मी सुती दोऱ्यात हळकुंड बांधून तयार ठेवते. ते बघून बहुतेक जणी स्वतःहून मंगळसूत्र सासूच्या किंवा नवऱ्याच्या हातात देतात. वाद घालण्यापेक्षा हे फार सोपं जातं.

लेथवाला

मी भोसरीत लेथ आणि ग्राइंडिंगचं काम करतो. मागे एमआरआयला गेलो तेव्हा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, असं दोनदा विचारलं. आमच्याकडे ते सगळ्यांचंच होतं, शेजारचा काडीने काढून देतो. मी हो म्हटलं तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. उगाच पैसे घेतात असं तेव्हा वाटलं. हे गरजेचं असतं का?

भूलतज्ज्ञ_नाशिक

दादा, गरजेचं असतं. लोखंडाचा बारीक कण डोळ्याच्या आत रुतून बसला असेल तर तो वर्षानुवर्षं त्रास न देता राहू शकतो. चुंबकात गेल्यावर तो हलतो, आणि आत रक्तस्राव होऊन दृष्टी जाऊ शकते. १९८० च्या दशकात असा रुग्ण नोंदला गेला आहे, आणि तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक फॉर्मवर आला. पापणीखालचा कण काडीने निघाला असेल, पण आत गेलेला निघत नाही. तुम्ही खरं सांगितलंत ते फार बरं केलंत. तुमच्या शॉपमधल्या बाकी लोकांनाही सांगा, आणि ग्राइंडरवर गॉगल घाला.

असाच दुसरा गट निवृत्त जवानांचा. सातारा-सांगलीकडे घरटी एक फौजी असतो. अंगात राहिलेला स्प्लिंटर ते सांगत नाहीत, कारण त्याला आता ते जखम समजत नाहीत.

मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याला लावलेली क्लिप हा सगळ्यात नाजूक भाग. जुन्या काही क्लिप चुंबकाला ओढल्या जायच्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी क्लिप हलून एक रुग्ण दगावला होता. आताच्या बहुतेक क्लिप टायटॅनियमच्या किंवा तशाच न ओढल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या असतात, पण कागद हातात असल्याशिवाय आम्ही मान्य करत नाही.

माझ्या स्वतःच्या कामाबद्दल. ज्या घटनेमुळे सगळ्या जगात नियम बदलले ती भुलीच्याच रुग्णाची आहे. जुलै २००१, न्यूयॉर्क राज्यातलं व्हलहाला. सहा वर्षांचा मुलगा, मेंदूचं ऑपरेशन झालेला, भूल देऊन मशीनमध्ये झोपवलेला. खोलीतल्या पाइपचा ऑक्सिजन अचानक मिळेना. ऑक्सिजन आणा म्हणून ओरड झाली आणि बाहेरचा स्टीलचा सिलेंडर आत आला. तो मुलाच्या डोक्यावर आदळला. दोन दिवसांनी मूल गेलं. त्यात कोणी निष्काळजी माणूस शोधायला गेलात तर मुलाचा जीव वाचवायला धावलेली माणसंच सापडतील. पुढच्या वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने जो मार्गदर्शक दस्तऐवज काढला, त्यातून चार झोनची पद्धत आली. पहिला झोन रस्त्यासारखा खुला, दुसऱ्यात चौकशी आणि कपडे बदलणं, तिसऱ्यात फक्त तपासलेली माणसं, चौथा म्हणजे चुंबकाची खोली.

म्हणून आमचा नियम असा. आत पेशंटचं हृदय थांबलं तर छाती दाबायला लगेच सुरुवात करायची आणि दाबत दाबतच त्याला चुंबक नसलेल्या ट्रॉलीवरून बाहेर आणायचं. शॉकचं मशीन, सिलेंडर, बाकी टीम सगळं बाहेरच्या ठरलेल्या जागेवर. तेव्हा दाराशी एक माणूस फक्त दार अडवायला उभा करावा लागतो. कारण कोड ब्लू, म्हणजे हृदय थांबल्याची सूचना, ऐकून धावत येणाऱ्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो आणि खिशात कात्री.

सविता_ठाणे

वाचून अंगावर काटा आला. माझ्या आईचा पुढच्या आठवड्यात मणक्याचा एमआरआय आहे. हे तिला वाचून दाखवलं तर ती जाणारच नाही.

रेखा_मिरज

सविताताई, आईंना जरूर न्या. जगभरात दरवर्षी कोट्यवधी एमआरआय होतात, आणि गाऊन घालून, फॉर्म खरा भरून आत गेलेल्या पेशंटला चुंबकाकडून सहसा काही होत नाही. सीटी स्कॅनसारखा किरणोत्सर्ग यात नाही. आईंना आवाजाची कल्पना द्या, कानात बोळे मागून घ्या, हातात घंटीचा फुगा देतील तो दाबून त्या कधीही बोलावू शकतात. त्यांच्यासोबत आत जाणार असाल तर तुमचीही तेवढीच चौकशी व्हायला हवी. झाली नाही तर तुम्ही मागा.

हा धागा मी पेशंटपेक्षा सोबत येणाऱ्यांसाठी काढलाय. पेशंटची झडती होते. भाचा, जावई, शेजारी यांची होत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्राझीलमध्ये साओ पाउलोला एक माणूस आईसोबत आत गेला, कमरेला पिस्तूल लपवलेलं. ते चुंबकाने ओढलं, गोळी सुटली आणि त्याच्याच पोटात लागली. तीन आठवड्यांनी तो वारला.

पराग_नागपूर

पण ताई, आपल्याकडे नातेवाईक आत जातातच का? स्ट्रेचर ढकलायला माणूस नाही, सिलेंडर उचलायला माणूस नाही, म्हणून. सरकारी दवाखान्यात माझ्या वडिलांचं स्ट्रेचर वॉर्डापासून लिफ्टपर्यंत मी आणि माझ्या मेहुण्याने नेलं. कोणी सिलेंडर हातात दिला असता तर मीही तो घेऊन सरळ आत गेलो असतो. बाहेर पाटी होती, इंग्रजीत, आणि तिच्यावर कॅलेंडर टांगलेलं. लोकांना अडाणी म्हणून मोकळं होता येणार नाही.

रेखा_मिरज

पराग, शब्दन्‌शब्द पटला. मी कोणालाही अडाणी म्हणणार नाही. जो माणूस रात्रभर पेशंटच्या उशाशी बसलेला असतो, त्याने सिलेंडर उचलला तर तो त्याचा गुन्हा कसा? ती खोली कुलूपबंद नव्हती, हा दोष आहे. चुंबकाच्या दाराची किल्ली एकाच तपासलेल्या माणसाकडे असावी, आणि तो जेवायला गेला तर दार बंद. रुग्णालयाचे डीन असले तरी त्यांनी विचारून आत यावं. त्या मजल्यावर स्टीलचा सिलेंडर येऊच नये. ॲल्युमिनियमचा आणावा, आणि त्याचा रेग्युलेटरही पितळेचा हवा. सिलेंडर ॲल्युमिनियमचा आणि वर रेग्युलेटर लोखंडी भागांचा, असं मी पाहिलंय.

सगळ्यात जास्त काळजी मला रात्री झाडू-पोछा करायला येणाऱ्या मावशींची वाटते. बादलीची कडी लोखंडी, फरशी घासायचं मशीन लोखंडी, आणि मशीन शांत. ठेकेदार दर दोन महिन्यांनी माणसं बदलतो आणि नव्या मावशींना कोणी काही सांगत नाही. एसी दुरुस्त करणारा, ट्यूब बदलणारा, यांचंही तेच.

अण्णा_डोंबिवली

विमानतळासारखी धातू शोधणारी कमान लावली तर?

गिरीश_सर्व्हिस

अण्णा, ती सोन्यालाही ओरडते, पट्ट्याच्या बक्कलालाही आणि गुडघ्यातल्या टायटॅनियमलाही. दर माणसाला वाजली की चार दिवसांत कोणी लक्ष देत नाही. फक्त लोखंडासारख्या ओढल्या जाणाऱ्या धातूलाच दाद देणारे डिटेक्टर मिळतात. ते दारावर बसवता येतात, पण दार अडवणाऱ्या माणसाची जागा ते घेत नाहीत. हातातलं जोरदार चुंबक खोलीच्या बाहेर वस्तूला लावून बघणं हा साधा उपाय. आपली एक-दोन रुपयांची स्टीलची नाणी त्याला चटकन चिकटतात. स्टील आहे म्हणजे चिकटणार नाही, हा समज तिथेच उतरतो.

‘ओपन’ मशीनबद्दलही लिहितो. कमी ताकदीच्या काही ओपन मशीनमध्ये कायमचं चुंबक असतं, ०.२ ते ०.४ टेस्लाच्या आसपास. त्याला क्वेंचही नाही. म्हणजे ते कशानेही बंद होत नाही. ताकद कमी म्हणून लोक बिनधास्त राहतात, पण सिलेंडर ओढायला तेवढी पुरते.

आणि क्वेंचचा पाइप. एक लिटर द्रव हेलियमचा खोलीच्या तापमानाला साधारण ७५० लिटर वायू होतो. जुन्या मशीनमध्ये दीड हजार लिटर हेलियम असतं. म्हणजे ११०० घनमीटरपेक्षा जास्त वायू, आणि मशीनची खोली असते दीडशे घनमीटरच्या आतबाहेर. पाइपाच्या तोंडाशी पक्ष्यांनी घरटं केलं, पाणी साठलं, किंवा नव्या बांधकामात पाइप दाबला गेला, तर तो वायू खोलीत येतो आणि प्राणवायू हटवतो. खोलीतला दाब एक टक्का जरी वाढला तरी आत उघडणाऱ्या दारावर दोनशे किलोचा भार येतो. ते दार आतल्या माणसाला उघडत नाही. म्हणून नवीन ठिकाणी आम्ही बाहेर उघडणारं दार मागतो. दर पावसाळ्याआधी छतावर चढून पाइप बघणं हे कोणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेलं असलं पाहिजे. हल्ली आलेल्या काही मशीनमध्ये हेलियम काही लिटरच असतो आणि हवाबंद, तिथे हा पाइपच लागत नाही. चुंबकाची ओढ मात्र तेवढीच.

पराग_नागपूर

पाटीवर मराठीत काय लिहावं? आमच्या इथल्या दवाखान्यात एक डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांना देतो.

रेखा_मिरज

आमच्या दारावर मी हे लावलंय: ‘थांबा. आत मोठं चुंबक आहे. ते चोवीस तास चालू असतं. आवाज येत नसला तरी चालू असतं. सिलेंडर, खुर्ची, स्ट्रेचर, चावी, मोबाईल, पिना घेऊन आत येऊ नका. आम्ही बोलावल्याशिवाय दार ढकलू नका.’ खाली सिलेंडरचं चित्र आणि त्यावर लाल फुली. वाचता न येणाऱ्यांना ते चित्र कळतं. पाटी डोळ्यांच्या उंचीवर लावा, आणि दारावरच. बाजूच्या भिंतीवर लावली तर स्ट्रेचर ढकलणाऱ्याला ती दिसत नाही.

शंतनू_सोलापूर

खूप उपयोगी धागा. वडिलांच्या मांडीत रॉड आहे, २००९ साली बसवलेला. पाठीच्या एमआरआयसाठी गुरुवारी नंबर लागलाय. ऑपरेशनचे कागद पुरात गेले. आता काय करू?

भूलतज्ज्ञ_नाशिक

हाडात पक्का बसलेला रॉड बहुधा टायटॅनियमचा किंवा न ओढल्या जाणाऱ्या स्टीलचा असतो, आणि इतक्या वर्षांत हाडाने त्याला धरून ठेवलेलं असतं. तो हलण्याची भीती सहसा नसते. तरी निर्णय तिथल्या रेडिओलॉजिस्टचा. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे वडिलांचं नाव आणि साल देऊन रजिस्टर बघायला सांगा, रॉडचा स्टिकर केसपेपरवर लावलेला असतो. नाहीच मिळालं तर मांडीचा ताजा एक्स-रे काढून घ्या. वडिलांना पेसमेकर किंवा कानात बसवलेलं काही यंत्र असेल तर ते वेगळं आणि ठळक सांगा, त्याचे नियम निराळे असतात.

रेखा_मिरज

आणि शंतनू, हे गुरुवारी टेबलवर झोपल्यावर सांगू नका. उद्याच फोन करून सांगा. रॉड कळला की आम्ही मशीनची सेटिंग बदलतो, वेळ थोडा जास्त धरतो, आणि मांडीला गरम लागलं तर लगेच घंटी दाबायची हे त्यांना आधी समजावून ठेवतो. वडिलांना ऐकायला कमी येत असेल तर तेही कळवा.